ठोसर डॉक्टरांची दुसरी सुई

ऑपरेशनच्या टेबलावर बाईमाणूस असलं की ठोसर डॉक्टर सगळ्यांत आधी तिच्या बांगड्यांना कापूस गुंडाळत. नाडी नंतर, छाती नंतर. दोन्ही मनगटं हातात घ्यायची, काचेच्या बांगड्या एकमेकींना चिकटवून बसवायच्या आणि वरून कापूस ठेवून पट्टीने हलकेच बांधून टाकायचं. अकोल्याच्या दवाखान्यात मी नर्स म्हणून रुजू झाले त्या पहिल्याच आठवड्यात हे पाहिलं आणि मला त्या माणसाचं फार कौतुक वाटलं. आमच्याकडच्या सवाष्ण बायका मरायला टेकल्या तरी बांगड्या उतरवू देत नसत, आणि त्या फुटल्या तर अपशकुनाची धास्ती वेगळीच. डॉक्टर असून याला बायकांचं मन कळतं, असं मला वाटलं, आणि मी ते त्यांना बोलूनही दाखवलं.

त्यांनी गाठ मारता मारता माझ्याकडे पाहिलं. “फुटण्याचं काई नाई, बाई,” ते म्हणाले. “वाजतेत थ्या. बांगडी वाजली की मले दम आयकू येत नाई.”

ठोसर डॉक्टर शस्त्रक्रिया करत नसत. ते काम आमच्या सिव्हिल सर्जनचं. त्यांना सगळा दवाखाना मोठे साहेब म्हणे. ठोसर डॉक्टरांनी रुग्णाला झोपवायचं आणि काम झालं की परत आणायचं. वऱ्हाड तेव्हा मध्यप्रांताला जोडलेला, दुसरी मोठी लढाई नुकती संपलेली, आणि भूल द्यायचं यंत्र वगैरे आमच्याकडे काही नव्हतं. नाकातोंडावर ठेवायची तारेची जाळी, तिच्यावर गॉजच्या घड्या, आणि बुचाला खाच पाडलेली इथरची बाटली, एवढीच सामग्री. त्या खाचेतून थेंब थेंब इथर जाळीवर पाडायचं. कमी पडलं तर रुग्ण टेबलावर उठून बसायचा, जास्त पडलं तर कधीच उठायचा नाही.

आत शिरताना ते मनगटावरचं घड्याळ काढून माझ्या हातात देत आणि बाहेरच्या टेबलावर ठेवायला सांगत, कारण त्याची टिकटिक त्यांना खपत नसे. मग स्टुलावर बसून, मान तिरकी करून, कान जाळीपासून चार बोटांवर आणून डोळे मिटत. नवख्या माणसाला वाटावं, रुग्णाआधी डॉक्टरच झोपले. पण थेंब पडत राहायचे, कधी भरभर, कधी रेंगाळत, आणि त्यांचा हात कशाच्या हिशेबाने हलतो ते कुणालाच कळत नसे. मी त्याआधी अमरावतीला शिकत असताना भूल देणारे दोन-तीन डॉक्टर पाहिले होते. सगळे डोळ्यांची बुबुळं बघत, नाडी मोजत, घामाघूम होत. हे एकटे ऐकत बसायचे. आणि माझ्या काळात त्यांच्या हातून झोपलेला प्रत्येक माणूस जागा झाला, एवढं मी छातीवर हात ठेवून सांगते.

दिसायला म्हणाल तर उंच, हडकुळे, आणि कान अगदी लहान, पोरासारखे. तेल्हाऱ्याच्या शेतकरी घरातले. नागपूरला डॉक्टरी शिकले, लढाईत दूरदूरच्या लष्करी इस्पितळांत राहून आले, पण तोंडातली वऱ्हाडी तिळभर बदलली नाही. मोठे साहेब पुण्याकडचे. त्यांच्याशीसुद्धा ते “साहेब, आता कापा, पोरगं झोपलं” असंच बोलत. साहेबांच्या कपाळावर आठी चढायची, पण सुरी उचलायच्या आधी तेही ठोसर डॉक्टरांच्या मानेकडे बघत. ती मान हलल्याशिवाय साहेबांनी सुरी लावलेली मी पाहिली नाही.

हे झालं सोमवार ते शनिवार. रविवारी हाच माणूस खेळण्याचं विमान उडवायचा, आणि गाव हसायचं.

मी क्वार्टरमध्ये एकटी राहणारी, म्हणून ठोसरवहिनींनी मला एका रविवारी जेवायला बोलावलं. जेवण झालं आणि डॉक्टरांनी फळीवरून एक पेटी काढली. वहिनी म्हणाल्या, “घ्या, आली माझी सवत बाहेर.” पेटीत काटेसावरीच्या हलक्या लाकडाचं आणि बांबूच्या कामट्यांचं विमान होतं, त्यावर पतंगाचा कागद ताणून वार्निश दिलेलं. ते बनवलं होतं करीम मिस्त्रींनी. ते खरे दारं-खिडक्या करणारे, पण डॉक्टरांसाठी हळदूच्या लाकडाचा पंखा असा कोरत की दोन्ही पात्यांत तांदळाच्या दाण्याइतका फरक निघत नसे. विमानाच्या नाकावर अंगठ्याएवढं इंजिन. लढाईत इस्पितळात महिनाभर पडून राहिलेल्या एका गोऱ्या मेकॅनिकने पुढे मायदेशी जाऊन ते स्वतःच्या हाताने केलं आणि आठवणीने डॉक्टरांना पाठवलं होतं.

त्या इंजिनाला ना बॅटरी, ना ठिणगी. इथर, रॉकेल आणि एरंडेल समसमान मिसळायचं, पंख्याला बोटाने फटकारा मारायचा, की आतल्या दाबानेच ते पेटे. बाटली एकदा उघडली की त्यातलं इथर दुसऱ्या दिवशी माणसाला द्यायचं नाही, हा डॉक्टरांचा नियम होता. फेकून द्यायचं ते उरलेलं इथर मोठ्या साहेबांना विचारून ते घरी आणत. इंजिनाला हवा घ्यायचं एक तोंड असतं. त्या तोंडात आडवी एक पितळी नळी, तिला मधोमध जेमतेम दिसेल असं भोक, आणि नळीत बारीक टोकाची एक सुई. सुई आत फिरवली की इंधन कमी, बाहेर फिरवली की जास्त. नळीला ते स्प्रेबार म्हणत आणि सुईला नुसतं सुई. दवाखान्यात टोचायची एक आणि घरी ही दुसरी. दुसरीवर त्यांचा जीव जास्त होता.

मोर्णा नदीच्या पलीकडच्या पडीक रानात आम्ही गेलो. डॉक्टर, वहिनी, मी आणि विमान उराशी धरलेले करीम मिस्त्री. डॉक्टरांनी पंखा फटकारला, इंजिन सुरू झालं, आणि मला म्हणाले, “बाई, सुई धरा.” मी घाबरत घाबरत ती धरली. सुई बरीच उघडी होती तोवर आवाज घोगरा, ओला, एरंडेलाचे शिंतोडे उडवणारा. मी ती आत फिरवत गेले तसा तो सुकत गेला, चढत गेला, आणि एका ठिकाणी असा स्वच्छ गोल लागला की माझ्या अंगावर काटा आला. मी हात काढून घेतला. डॉक्टरांनी मिस्त्रींना खूण केली. मिस्त्रींनी विमान सोडलं. ते झाडाच्या उंचीएवढं चढलं, आवाजात एक अगदी बारीक शिट्टी शिरली, इंजिन मेलं आणि विमान नाक खाली करून तुरीच्या वाळलेल्या तुऱ्हाट्यांत जाऊन पडलं.

मी रडकुंडीला आले. डॉक्टर मात्र तुऱ्हाट्यांतून विमान आणून फाटलेला कागद बघत शांतपणे म्हणाले, “सगळे हेच करतेत. गोड वाजलं की मागं या, बाई. जमिनीवर गोड वाजणारं हवेत मरते.”

मग त्यांनी समजावून सांगितलं. हवेत गेल्यावर पंखा मोकळा फिरतो, इंजिनाची भूक वाढते, आणि नाक वर असल्यामुळे इंधनाला चढ चढावा लागतो. जमिनीवर जे पोटभर असतं ते वर उपाशी पडतं. ती शिट्टी म्हणजे उपाशी इंजिनाची हाक. म्हणून आधी शिट्टीपर्यंत जायचं, तिची ओळख करून घ्यायची, आणि तिथून सुई मागे आणून आवाज थोडा घोगरा ठेवायचा. मग विमान हातात धरून नाक आभाळाकडे करायचं. घोगरेपणा गेला आणि शिट्टी आली नाही, तर सोडायचं. मी म्हटलं, हे इतकं बारीक कुणाला ऐकू येणार? “आयकू येते,” ते म्हणाले. “माणसाचंबी असंच असते. पेशंट अगदी मस्त झोपला की नवा माणूस खूश होते. थितूनच मागं यायचं असते.”

त्या दिवसापासून मी त्यांची शिष्या झाले. रविवारी सुईवर, आठवड्यात लहानसहान गळवांच्या रुग्णांवर इथरच्या बाटलीवर. मोठे साहेब नाखुषीने का होईना, हो म्हणाले. डॉक्टर माझ्या मागे उभे राहत आणि मी घड्याळाकडे पाहिलं की म्हणत, “थितं काय लिवलं हाय? इथं आयका.”

एकदा आम्ही विमान अमरावतीला नेलं. माझे थोरले बंधू तिथे एका शाळेत मास्तर. मुलांना दाखवा म्हणून त्यांनी फार आग्रह केला. बडनेऱ्याला गाडी बदलताना डॉक्टरांनी ती पेटी हमालाच्या हाती दिली नाही, स्वतः डोक्यावर घेतली. शाळेच्या मैदानावर सगळी पोरं, मास्तर आणि रस्त्यावरचे येणारे-जाणारे जमलेले. डॉक्टरांनी इंजिन सुरू केलं, शिट्टीपर्यंत नेलं आणि सुई मागे आणून ते फुरफुरत ठेवलं. हेडमास्तर विनोदी स्वभावाचे होते. ते मोठ्याने म्हणाले की, डॉक्टर, तुमच्या पेशंटला खोकला झालेला दिसतो. पोरं खो खो हसली.

“खोकू द्या,” डॉक्टर म्हणाले. “वर गेला की थांबते.”

आणि विमान सुटलं. फुरफुरत सुटलं, नाक वर केलं, आणि जसजसं चढत गेलं तसतसा तो आवाज उजळत गेला. वर, आणखी वर, एक अखंड स्वच्छ सूर. पोरांच्या माना वर गेल्या त्या तशाच राहिल्या. मी आयुष्यात मोठी विमानंही पुढे पाहिली, पण त्या दिवशी छातीत जे भरून आलं ते परत कधी आलं नाही. इंधन संपलं, आवाज थांबला आणि विमान नुसतं तरंगत रस्त्यापलीकडे उतरलं. मोर्शीकडून संत्री घेऊन आलेला एक गाडीवान ते दोन्ही हातांवर घेऊन आला आणि डॉक्टरांपुढे धरून म्हणाला, “घ्या, बावा. काई मोडलं नाई.” जाताना त्याने विमानाला हात जोडले.

पुढच्या पावसाळ्यानंतर विमान पडू लागलं.

पहिल्या रविवारी पडलं तेव्हा डॉक्टर म्हणाले, नळीत कचरा गेला असेल. त्यांनी स्प्रेबार सोडवला, भोकातून घोड्याचा केस घालून साफ केला, इंधन मलमलीतून गाळलं. दुसऱ्या रविवारी पुन्हा तेच. झाडाएवढं चढायचं आणि शिट्टी वाजवून मरायचं. मग त्यांना एरंडेलावर संशय आला, मग टाकीच्या नळीवर, मग करीम मिस्त्रींनी केलेल्या नव्या पंख्यावर. मिस्त्रींनी बिचाऱ्यांनी आणखी एक पंखा कोरून आणला. तरीही विमान पडलं. मला एक गोष्ट खटकत होती. डॉक्टर सुई लावून विमान सोडायला सांगत तेव्हाच मला शिट्टी ऐकू यायची, अगदी जमिनीवर. पण ज्यांनी मला ती शिकवली त्यांना मी काय सांगायचं? मला वाटलं, काहीतरी नवीन करून पाहत असतील.

असंच विमान पडलं त्या एका रविवारी दुसऱ्या दिवशीच्या ऑपरेशनचं सगळ्यांच्याच मनात होतं. करीम मिस्त्रींच्या बायकोच्या, जुलेखाबीच्या पोटात गोळा झाला होता. मोठे साहेब तो सोमवारी सकाळी काढणार होते. मिस्त्री मोडलेले पंख गोळा करत होते आणि डॉक्टर इंजिनाकडे बघत बसले होते. एकाएकी त्यांनी मला विचारलं, “बाई, सोडलं तवा शिट्टी होती का?”

मी हो म्हटलं.

“जमिनीवर?”

“जमिनीवरच.”

त्यांनी सुई एकदा आतबाहेर फिरवून पाहिली. मग त्यांनी इंजिन विमानावरून काढलं, एका लाकडी ठोकळ्यावर घट्ट बसवलं आणि सुरू केलं. मला म्हणाले की मी पाठ करून उभं राहायचं आणि शिट्टी ऐकू आली की हात वर करायचा. तेही डोळे मिटून तसंच करणार होते. मिस्त्रींना त्यांनी समोर बसवलं. “मिस्त्री, तुम देखो. किसका हाथ कब उठता, सच बोलना.”

मी पाठ केली. सूर चढत गेला, गोल झाला, मग ती शिट्टी आली आणि मी हात वर केला. आवाज तसाच पुढे गेला, शिट्टी कर्कश झाली, इंजिन मेलं. मी वळून पाहिलं. डॉक्टर डोळे मिटून, मान तिरकी करून बसले होते. एक हात सुईवर, दुसरा मांडीवर. त्यांनी पुन्हा सुरू केलं. पुन्हा माझा हात वर गेला आणि त्यांचा मांडीवरच राहिला. करीम मिस्त्रींनी मान खाली घातली, त्यातच सगळं आलं.

वहिनी मागे बसल्या होत्या. त्या अगदी हळू आवाजात म्हणाल्या, “औंदा पावसाळ्यात तुमाले रातकिडे आयकू येत नव्हते. मी म्हटलं, बरं झालं, झोप लागून राह्यली.”

मला त्याआधी कळलंच नव्हतं, आणि त्यांनाही नाही. बोललेलं सगळं त्यांना ऐकू यायचं, हाक ऐकू यायची, दाराची कडी ऐकू यायची. फक्त वरचा, बारीक, केसासारखा आवाज निघून गेला होता. लढाईत हिवतापाने त्यांना सारखं घेरलं होतं आणि ते कोयनेलच्या गोळ्या मूठमूठ खात राहिले होते. त्यानेच कान गेला असावा, असं ते नंतर म्हणाले. त्या क्षणी मात्र त्यांनी सुई नळीतून बाहेर काढली, फडक्याने पुसली आणि खिशात ठेवली. भूल दिलेल्या माणसाचा घसा आवळू लागतो तेव्हा श्वासात पहिल्यांदा अशीच एक बारीक शिट्टी येते. ती ऐकून जबडा पुढे ओढला नाही, तर थोड्या वेळात चेहरा निळा पडतो. मलाही ते त्यांनीच शिकवलं होतं.

“उद्यापासून इथर बाई देतीन,” ते म्हणाले.

करीम मिस्त्री उठून उभे राहिले. आत्ता डोळ्यांनी सगळं पाहिलेला माणूस, पण त्यांचा विश्वास काही हलायला तयार नव्हता. “नहीं साहब. जुलेखा को आप ही दो. अल्लाह के बाद हमको आपकाच भरोसा है.”

“मिस्त्री,” डॉक्टर म्हणाले, “अभी तुमने देखा ना, मेरा हाथ नहीं उठा. वो जुलेखाबी का दम था ऐसा समझो.”

मिस्त्रींनी माझ्याकडे पाहिलं. त्या नजरेत राग नव्हता, भीती होती, आणि माझी भीती त्याहून मोठी होती. गळवं वेगळी आणि पोट उघडणं वेगळं. मी डॉक्टरांना म्हणाले की उद्याचं तेवढं तुम्ही करा, मी शेजारी उभी राहून शिट्टी आली की सांगेन. त्यांनी ते ऐकून घेतलं आणि नाही म्हणाले. एकाने ऐकायचं, दुसऱ्याला सांगायचं आणि त्याने हात हलवायचा, एवढी वाट श्वास बघत नाही, असं त्यांचं म्हणणं.

सकाळी मोठ्या साहेबांना कळलं तेव्हा ते भडकले. एका खेळण्याच्या विमानावरून तुम्ही माझं ऑपरेशन नर्सच्या हाती देणार? तुम्हाला माझं बोलणं ऐकू येतं की नाही? येतं ना? मग? डॉक्टर सगळं बोलू देऊन मग म्हणाले, “साहेब, थे खेळणं नाई. दर रविवारी मी माहा कान तपासून राह्यलो होतो. माणसावर तपासता येत नाई. तपासला तर माणूस जाते.”

मोठे साहेब हात धुवायला वळले. इतके दिवस सगळं गाव ज्याला पोरखेळ म्हणत होतं आणि मीही मनातून ज्याला हौस समजत होते, ते हे होतं. मला त्या माणसाच्या पायांना हात लावावासा वाटला. पण जुलेखाबीला टेबलावर घेतलं होतं, आणि हातात कापूस होता.

मी तिच्या बांगड्यांना कापूस गुंडाळला. घड्याळ बाहेर ठेवलं. स्टुलावर बसले आणि डोळे मिटायचा धीर होईना म्हणून उघडे ठेवले. डॉक्टर पलीकडे उभे राहून तिची नाडी धरून होते. ती पुटपुटत, हातपाय झाडत, मग हळूहळू शांत होत खाली गेली. श्वास एकसारखा झाला. छान, गोल, गोड. मला मोर्णेपलीकडचं रान आठवलं, तुऱ्हाट्या आठवल्या, आणि मी थेंब कमी केले. साहेबांनी डॉक्टरांच्या मानेकडे पाहिलं. डॉक्टरांनी माझ्याकडे बोट केलं. मी मान हलवली.

गोळा निघता निघता ती आली. सुताएवढी शिट्टी, श्वासाच्या कडेला. खोलीतल्या दुसऱ्या कुणाला ती ऐकू आलेली नव्हती. मी बाटली सोडून तिच्या जबड्याकडे हात नेला, तर डॉक्टरांचा हात माझ्याआधी तिथे पोचलेला. आम्ही दोघांनी मिळून जबडा पुढे ओढला, शिट्टी विरली, श्वास मोकळा झाला. साहेबांनी मान वर केली नाही. दुपारी जुलेखाबीने पाणी मागितलं, आणि करीम मिस्त्री व्हरांड्यात भिंतीला टेकून रडले.

हात धुताना मी डॉक्टरांना विचारलं की तुम्हाला ऐकू आलं होतं का, मग उगाच माझ्या जिवाला घोर का लावलात? ते म्हणाले, “मले कायचं आयकू येते, बाई. तुमच्या भुवया वर गेल्या.”

त्यानंतर त्यांनी इथरच्या बाटलीला हात लावला नाही. मोठ्या साहेबांनी फार समजावलं, बाहेरचे रुग्ण तपासा म्हणून थांबवून पाहिलं. काही महिने ते राहिले, मला मागे उभं राहून शिकवत, आणि माझा कान पक्का झाला असं वाटल्यावर तेल्हाऱ्याला निघून गेले. तिथे ताप, खोकला, विंचू-साप बघत बसले. निरोपाच्या दिवशी त्यांनी मला काही उपदेश केला नाही. घड्याळ काढून माझ्या हातात दिलं आणि म्हणाले की हे बाहेरच ठेवत जा.

काही वर्षांनी ते वारले तेव्हा मी ड्यूटीवर होते, मला पोचता आलं नाही. पण त्याच्या थोडंच आधी मी तेल्हाऱ्याला जाऊन आले होते. वहिनींनी निरोप धाडला होता की छातीचं दुखणं आहे आणि बाईंची फार आठवण काढतात. अंगणापलीकडे कपाशी निघालेलं मोकळं शेत होतं, तिथे बाज टाकून ते बसले होते. आता कानाशी ओरडल्याशिवाय काहीच ऐकू येत नव्हतं. मी बसते न बसते तोच त्यांनी वहिनींना खूण केली आणि पेटी आली. खिशातून सुई निघाली. ती नळीत बसवायला मी पुढे झाले, तर त्यांनी माझा हात बाजूला सारला.

विमानाच्या पोटाखाली हात धरून मी त्यांच्या समोर उभी राहिले. पंखा मीच फटकारला. इंजिन पेटलं, घोगरं, शिंतोडे उडवत. डॉक्टरांनी दोन बोटांत सुई धरली आणि ते इंजिनाकडे न बघता माझ्या तोंडाकडे बघू लागले. मी समजले. आवाज सुकत गेला, चढत गेला, आणि तो तसाच गोल, स्वच्छ लागला, माझ्या पहिल्या रविवारी लागला होता तसा. मला एकदम कळलं की हे मी यांच्या हातून आता पुन्हा ऐकणार नाही. डोळे भरून आले. चेहरा हलला असणार. डॉक्टरांना वाटलं, शिट्टी आली. त्यांनी लगेच सुई मागे फिरवली.

शिट्टी आलेली नव्हती. पण आवाज बरोबर तिथे आला होता जिथे तो त्यांना नेहमी हवा असे, थोडा खोकत, थोडा अलीकडे. मी विमानाचं नाक आभाळाकडे केलं आणि हात सोडला.

ते चढत गेलं, शेतावरून, बांधावरच्या बाभळींवरून, आणि घोगरेपणा झडून तो सूर उजळला. वहिनी वर बघत होत्या, शेजारचे गडी काम टाकून वर बघत होते. डॉक्टर माझ्याकडे बघत होते.

“वाजून राह्यलं का, बाई?”

मी त्यांच्या कानाशी वाकले. “गोड वाजून राह्यलं,” मी म्हणाले.